टोफिनोच्या नळाला पाणी कुठलं?

आज थोडं जंगलाबद्दल बोलू.

मध्यंतरी कॅनडात टोफिनोला गेलो होतो. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. बरेच लोक तिथे सर्फिंगला येतात. मी बोटीने समोरच्या मीअर्स बेटावर गेलो, जुनी रेड सीडरची झाडं बघायला. काही तर हजार वर्षांच्याही पुढची! लाकडी फळ्यांची पायवाट, खाली शेवाळ, आणि शेंडा शोधता शोधता मान दुखते.

बोटवाला सहज म्हणाला, "गावाच्या नळाला पाणी येतं ते या बेटावरच्या ओढ्यांचं."

हे जंगल तोडायचं ठरलं होतं बरं का. १९८४ मध्ये इथल्या मूळ रहिवाशांनी, त्ला-ओ-क्वि-आट लोकांनी, बेट आपलं राखीव उद्यान म्हणून जाहीर केलं. गावकरीही सोबत उभे राहिले. १९८५ मध्ये कोर्टाने तोड थांबवली. पुढे १९९३ मध्ये आसपासच्या जंगलांसाठी लोक रस्त्यात बसले, तेव्हा ८०० हून जास्त जणांना अटक झाली.

फळ्यांवर उभा असताना मला आमची कोकणातली देवराई आठवली. तिथली वाळकी काटकीसुद्धा आजी उचलू द्यायची नाही. देवराईच्या खालच्या अंगाला गावाची विहीर आहे. गेल्या वर्षी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला होता, रस्ता देवराईतून न्यायचा म्हणून. मी काय केलं? अंगठा टाकला आणि पुढे स्क्रोल केलं.

परत आल्यावर ग्रुपवर एवढंच विचारलं, "रस्ता बाजूने नेला तर? विहिरीचं काय होईल?" चौघांनी लगेच उत्तर दिलं. रविवारी कॉल आहे.

तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं? एकदा शोधा. भेटू पुढच्या भागात!