पहिला नंबर विकत मिळत नाही

भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत असाल तर हात थांबवू नका, कान तेवढे इकडे असू द्या. आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. ज्या गटाची खानावळ आहे, घरगुती निवास आहे, रस्त्याकडेला चहा-नाश्ता आहे, त्या कोणत्याही गटाकडून ती होऊ शकते.

आमचा गट लोणार तालुक्यातला. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर यादीत आलं आणि आपल्या लोणारचं नाव दूरवर गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हा मेहकरहून वळून इकडे येणं सोपं झालं. आम्ही बारा जणींनी बँकेचं कर्ज उचललं. दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट केल्या, पुढे खानावळ टाकली. ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाइटही करून घेतली. वाटलं, आता काय, पाहुणे येतीलच.

पण खोल्या रिकाम्याच राहायच्या आणि हप्ता मात्र महिन्याला दारात उभा. अशात एक फोन आला. माणूस गोड बोलणारा. म्हणाला, मी मोठ्या कंपनीतून बोलतोय, बारा हजार भरा, तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला आणतो. आम्ही बैठकीत ठराव केला आणि पैसे पाठवले. आठ दिवसांनी त्याचा फोन बंद. आम्ही तक्रार केली, पण पैसे काही परत आले नाहीत.

पुढच्या बैठकीत सगळ्या मान खाली घालून बसलो होतो. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "अवं, ज्याला आपलं दार कुठं हाय ते ठावं नाही, तो आपल्या दारी माणसं कशी आणील?" तिथून आमचे डोळे उघडले. आम्ही ग्रामसंघातल्या शिकलेल्या मुलींना सोबत घेतलं आणि हे गूगल चालतं तरी कसं, ते समजून घेतलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की गूगलच्या नकाशावर जी यादी येते, तिच्यातली वरची जागा पैसे देऊन मिळत नाही. असं गूगलनं स्वतःच सांगितलं आहे. पैसे घेऊन दाखवतात ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. यादीत कोण वर, कोण खाली, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. माणूस जे शोधतो ते तुमच्याकडे आहे का? तो जिथून शोधतो तिथून तुम्ही किती लांब? आणि लोक तुम्हाला किती ओळखतात, तुमच्याबद्दल काय लिहितात? अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आहेत.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. आम्ही आमच्याच मोबाइलवर शोधायचो आणि आम्हीच पहिल्या दिसायचो! आम्ही खूश. पण फोन आमच्याच दारात, रोज आमचंच पान उघडणारा, मग तो दुसरं काय दाखवणार? एकीच्या पुण्यातल्या भाचीला शोधायला सांगितलं, तर आमचा पत्ताच नाही. म्हणून आपली तपासणी नेहमी दूरच्या माणसाच्या फोनवरून करा.

मग आम्ही कामाला लागलो. आधी गूगलवर व्यवसायाची नोंद केली. ती फुकट होते. खात्री पटवण्यासाठी आमच्याकडे व्हिडिओ मागितला. आम्ही रस्ता दाखवला, दारावरची पाटी दाखवली, खोलीचं कुलूप उघडून दाखवलं. नाव पाटीवर आहे तेच लिहायचं. नावापुढे 'स्वस्त आणि मस्त' असलं शेपूट लावणं नियमात बसत नाही. नकाशावरची खूण आधी गावाच्या भलत्याच टोकाला लागली होती. ती नेमकी आमच्या फाटकावर आणली. खानावळीच्या वेळा, फोन नंबर, सुट्टीचा दिवस, सगळं भरलं. नंबर बदलला की त्याच दिवशी दुरुस्त करतो.

नंतर वेबसाइटकडे वळलो. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'अतिथी देवो भव'. छान आहे, पण तसं लिहून कोणी खोली शोधतं का? पाहुणा लिहितो, 'लोणार सरोवराजवळ राहण्याची सोय', 'लोणारमध्ये घरगुती जेवण'. हे शब्द आमच्या पानावर नव्हतेच. जेवणाचे पदार्थ आणि दर एका रंगीत चित्रात होते. चित्रातली अक्षरं माणूस वाचतो, पण गूगलला ती नीट समजतीलच असं नाही. म्हणून ते साध्या मजकुरात लिहिलं. ज्वारीची भाकरी, पातोडीचा रस्सा, ठेचा, ताटाचा दर, खोलीचं भाडं. मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीतही, कारण परगावचा पाहुणा दोन्हीत शोधतो. फोटो इतके जड होते की गावातल्या नेटवर्कवर पान उघडता उघडता चहा उकळून जायचा. ते हलके करून घेतले.

आणखी एक पान जोडलं. लोणारला कसं यायचं, दैत्यसूदन मंदिर कुठे, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि शेगावला गजानन महाराजांचं दर्शन या प्रवासात कसं जमवायचं. हे आपल्याला तोंडपाठ असतं, म्हणून लिहायचं सुचत नाही. पाहुण्याला नेमकं हेच हवं असतं.

आता लोकांच्या अभिप्रायाचं. आमच्यातली एक म्हणाली, आपल्याच पोरांना पाच-पाच चांदण्या द्यायला लावू. दुसरी म्हणाली, चांगलं लिहिलं तर चहा फुकट देऊ. दोन्ही गोष्टी नियमाबाहेरच्या आहेत. असे अभिप्राय गूगल काढून टाकू शकतं आणि आपली अब्रू जाते ती वेगळीच. आम्ही दाराजवळ फक्त क्यूआर कोडचा कागद चिकटवला आणि निघताना म्हणू लागलो, "कसं वाटलं, खरं लिहा." एकानं खरंच लिहिलं, आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही. आम्हाला राग आला, पण लिहिलं बरोबरच होतं. आम्ही खाली उत्तर दिलं, "चूक झाली, सोय करतो," आणि पाणी तापवायला बंब आणला. नंतरच्या एका बाईंनी तो अभिप्राय आणि आमचं उत्तर वाचूनच खोली ठरवली, हे त्यांनी आम्हाला सांगितलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या वेबसाइटचं नाव आणि पासवर्ड त्या मुलाच्याच नावावर होते. तो नोकरीला शहरात गेला आणि सहा महिने आम्हाला ताटाचा दरसुद्धा बदलता आला नाही. गटाच्या पेटीच्या किल्ल्या आपण एकीच्याच हाती कधी देतो का? मग ही किल्ली परक्याकडे का? वेबसाइटचं नाव, ईमेल, पासवर्ड गटाच्या नावावर घ्या. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहा. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. आम्ही लाजेपोटी चार दिवस घालवले, तुम्ही घालवू नका.

आम्ही पहिल्या नंबरला आलो का? नाही. पुण्याहून शोधलं तर मोठमोठ्या कंपन्यांची पानं अजून आमच्या वर असतात. पण सरोवराच्या काठावर उभं राहून कोणी 'जवळचं जेवण' शोधलं, तर आता आमचं नाव दिसतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही विचारतो, "आमचा पत्ता कुठून मिळाला?" उत्तर वहीत लिहितो. 'मोबाइलवर पाहिलं' असं लिहिलेल्या ओळी वाढत चालल्यात. हप्ता वेळेवर जातोय.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. बचतीचा हिशेब झाला की परगावच्या नातेवाइकाला फोन लावा आणि आपल्या व्यवसायाचं नाव न सांगता त्याला शोधायला लावा. त्याला काय दिसलं, ते वहीत लिहा. कामाला तिथूनच सुरुवात करा.