बहिणी-बहिणी, मैत्रिणी-मैत्रिणी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी म्हटली की आपल्याकडे प्रत्येक नात्याला एकेक दिवस वाटून दिलेला आहे. वसुबारस गाय-वासराची, पाडवा नवरा-बायकोचा, भाऊबीज बहीण-भावाची. पण बहिणी-बहिणींचा दिवस कुठला? आणि मैत्रिणींचा? मंगळागौर आणि भोंडल्याला त्या जमतात, झिम्मा-फुगडी खेळतात हे खरं, पण तिथेही मान गौरीचा आणि पाटावरच्या हत्तीचा! म्हणून म्हटलं, आज आपण या बिनसणाच्या नात्याबद्दल बोलू या.

आता एक कॉम्प्युटरवाला या विषयावर काय बोलणार, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण माझ्या घरात आठ आणि पाच वर्षांच्या दोन मुली आहेत. थोरली शांत, पुस्तकात डोकं घालून बसणारी. धाकटी म्हणजे फटाक्यांची माळ. एकाच घरात, एकाच आईच्या हातचं जेवून ही दोन टोकं कशी तयार होतात, याचं उत्तर माझ्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आणि घरी पाहुणे आले की चहा यायच्या आत वाक्य येतं, "मोठी किती गुणी आहे नाही!" त्या वेळी धाकटीचा चेहरा बघवत नाही.

तेव्हा अशाच दोन बहिणींची गोष्ट सांगतो. दुर्गा भागवत आणि कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाईंचा जन्म १९१० चा, कमलाबाईंचा १९११ चा. वयात जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. घर एक, संस्कार एक. पण थोरली संस्कृत, बौद्ध वाङ्‌मय आणि लोकसाहित्याकडे गेली, धाकटी परीक्षानळीकडे. थोरलीने लग्न केलं नाही, धाकटीने १९४७ मध्ये केलं. थोरली मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये अभ्यासाला फिरली, तिथे खाण्यातून विषबाधा झाली आणि काही वर्षं अंथरुणाला खिळली. धाकटी त्या काळात प्रयोगशाळेत प्रथिनं मोजत होती.

कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, मुलगी! कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. शेवटी रामन यांनी अटी घालून घेतलं. पहिलं वर्ष चाचणीचं, आणि तुमच्यामुळे इतर संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! वर्ष संपलं, काम पाहून रामन यांना मान्य करावं लागलं, आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. (आमच्या प्रोजेक्टचं नुसतं डॉक्युमेंटेशन चारशे पानांचं असतं, हे जाता जाता!) परत येऊन त्यांनी दिल्ली, कुन्नूर आणि मुंबईत काम केलं. नीरेच्या पोषणमूल्यावरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता थोरलीकडे वळू. डिसेंबर १९७५, आणीबाणीचे दिवस. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई, आणि व्यासपीठावर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अशा ठिकाणी दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे तुरुंगवास झाला, तोही पत्करला. नंतर सरकारी मानसन्मान नको म्हणाल्या.

बघा हं, एक दारात ठाण मांडून बसली, दुसरी भर सभेत उभी राहिली. पद्धत वेगळी, पण कणा एकच. दोघींना स्वभावाने एका साच्यात घालायला गेलं असतं, तर मराठीला 'ऋतुचक्र' आणि 'व्यासपर्व' मिळालं नसतं, नाहीतर विज्ञानाला कमला सोहोनी मिळाल्या नसत्या.

आणि गंमत म्हणजे दोघी स्वयंपाकघरात भेटतात! दुर्गाबाईंनी 'खमंग' लिहिलं, कमलाबाईंनी 'आहारगाथा'. एकीने चव सांगितली, दुसरीने पोषण. आपल्या जेवणाला दोन्ही लागतं की नाही?

दुसरी जोडी तर तुमच्या गाडीत रोज असते. लताबाई आणि आशाबाई. लताबाई स्वतः सांगायच्या की लहानपणी त्या आशाला कडेवर घेऊन शाळेत गेल्या, मास्तरांनी हरकत घेतली आणि शाळा तिथेच सुटली. १९४२ मध्ये वडील दीनानाथ गेले आणि बारा वर्षांच्या लताने घराचा भार उचलला. आशाबाईंनी सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, आणि त्यातून अबोलाही आला. जगाने दोघींची शर्यत लावली, अजूनही लावतं. पण पेडर रोडच्या 'प्रभुकुंज'मध्ये दोघींची घरं शेजारी-शेजारी होती, आणि १९८४ च्या 'उत्सव' चित्रपटात दोघी एकत्र गायल्या. बहिणींची निष्ठा म्हणजे कधीच न भांडणं नव्हे. भांडण झालं तरी शेजारचं दार आपलंच राहतं, ही ती निष्ठा.

आणि मैत्रीण? १८५६ सालचं सावित्रीबाई फुल्यांचं एक पत्र आहे. त्या आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिताना त्या पुण्यातल्या फातिमाची आठवण काढतात. माझ्या मागे तिला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचं लिहितात. एवढंच! पण त्यात किती भरवसा आहे! आमच्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर बंद पडला की दुसरा मुकाट्याने सगळा लोड घेतो. फरक इतकाच की सर्व्हरला त्रास होत नाही. फातिमाला होत असेल याची सावित्रीबाईंना जाणीव होती, आणि ती जाणीव ठेवणं ही त्यांच्या बाजूची निष्ठा.

आपल्या कुवेतमध्ये अशा फातिमा प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत. साल्मिया काय, मंगाफ काय, अब्बासिया काय, बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही तर डबा शेजारणीकडून येतो. ती मल्याळी असते, पंजाबी असते, पाकिस्तानीही असते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा घुसल्या त्या वेळच्या आठवणी इथल्या जुन्या मंडळींना विचारा. लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी गेले. त्या दिवसांत पीठ-तांदूळ वाटून खाताना कोणी कोणाचा स्वभाव विचारला नव्हता.

पण इथल्या मैत्रीला एक शाप आहे. कॉन्ट्रॅक्ट संपलं की आठ वर्षांची मैत्रीण दोन आठवड्यांत सामान बांधून जाते. पहिला महिना रोज फोन, मग वाढदिवसाला, मग नुसता दिवाळीचा फॉरवर्ड मेसेज. हे होऊ द्यायचं की नाही, ते आपल्या हातात आहे.

त्याहून अवघड गोष्ट घरची. आपण इकडे आलो, आणि आई-वडिलांजवळ राहिली ती बहीण. कोणाची सख्खी, कोणाची नणंद, कोणाची जाऊ. दवाखान्याच्या रांगेत ती, रात्री दोनला उठणारी ती. आपण पैसे पाठवतो, आणि सुट्टीत महिनाभर गेलो की सल्लेही देतो! ती जरा तोडून बोलली की आपण म्हणतो, "तिचा स्वभावच तसा." अहो, स्वभाव तिखट असेल, पण हजर कोण आहे? गोड बोलणं आणि वेळेला उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसात दोन्ही असतील तर भाग्य, नाहीतर दुसरीला आधी हात जोडावेत.

म्हणून तीन छोट्या विनंत्या. घरातल्या दोन मुलींची तुलना, विशेषतः पाहुण्यांसमोर, नको. परत गेलेल्या एका मैत्रिणीला फॉरवर्ड न करता स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा. आणि तिकडे राहिलेल्या बहिणीला फोन करा. आईची तब्येत विचारण्याआधी "तू कशी आहेस?" हे विचारा. भारत आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेव्हा फराळाच्या रांगेत उभं राहण्याआधीच केलात तर बरं. नाहीतर ती दमून झोपलेली असेल.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.