पुढच्या मोजणीची तारीख

मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के मुंबईकरांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तिघांत एक. बोरिवली लोकलच्या प्रत्येक बाकावर असा एखादा असणार, आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नसणार.

“मला काही होत नाही, मग कशाला तपासू?” हा प्रश्न आपण सगळेच ऐकतो. डोकं दुखलं, गरगरलं तरच बीपी वाढलं, ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात वाढलेला दाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या मात्र वर्षानुवर्षं झिजत राहतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा वाढलेला दाब डॉक्टरांना ठाऊक होता, पण तो नीट आटोक्यात आणणारं औषध तेव्हा नव्हतं. आज ते औषध पालिकेच्या दवाखान्यात मिळतं. तरीही माणूस अर्धांगवायू झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतो, याचं मला फार वाईट वाटतं.

रक्तदाब तपासणीच्या शिबिरांवर एक आक्षेप घेतला जातो, तो मला मान्य आहे: तिथला आकडा चुकतो आणि लोक उगाच घाबरतात. घाटकोपर स्टेशनचा जिना धावत चढून आलेल्या माणसाला उभ्या उभ्या, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला, तर आकडा वाढलेलाच येणार. पाच मिनिटं शांत बसवावं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा नको आणि मोजताना गप्पा नकोत. एवढं पाळूनही एकदाच १४०/९० दिसलं म्हणून कुणी रुग्ण ठरत नाही. पण म्हणून मोजणंच सोडायचं का? उलट वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं. एका दिवसाच्या शिबिरात नेमकं हेच राहून जातं. फोटो निघतात, आणि वाढलेल्या बीपीची माणसं कुठे गेली हे कुणी विचारत नाही.

अशा माणसांचा पाठपुरावा जमू शकतो. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. ठरलेला सोपा औषधक्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळचं केंद्र आणि प्रत्येक भेटीची नोंद, यावर तिथे भर दिला गेला. मुंबईच्या उपनगरांत अडचण वेळेची आहे. सकाळची गाडी गाठणाऱ्याला सकाळचा दवाखाना उपयोगाचा नाही. म्हणून संध्याकाळी उघड्या राहणाऱ्या पालिकेच्या ‘आपला दवाखान्या’शी सोसायट्या, चाळ समित्या आणि मंडळांनी जोडून घ्यावं, महिन्यातली एक संध्याकाळ मोजणीसाठी ठेवावी, आणि ज्याचा आकडा वाढला त्याच्या हातात पुढच्या मोजणीची तारीख लिहिलेलं कार्ड द्यावं. एकदा सुरू झालेली गोळी सुटत नाही, या भीतीलाही तिथेच उत्तर मिळेल: मीठ आणि वजन कमी केल्यावर काहींचा डोस डॉक्टर उतरवतात, पण आपल्या मनाने गोळी बंद करणं धोक्याचं असतं.

असा ठराव या परिषदेच्या दुपारच्या सत्रात मांडावा, अशी आमच्या स्वागत समितीची सूचना आहे. परिषदेचं उद्घाटन करावं, अशी मी अध्यक्षांना विनंती करते.