जात्यावरचा इतिहास



मध्ययुग म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? किल्ले येतात, लढाया येतात, देवगिरीचे यादव आणि दिल्लीचे सुलतान येतात. शाळेत सनावळ्या पाठ केल्या, त्याही राजांच्याच. पण त्या काळी गावात निम्मी वस्ती बायकांची होती. त्या दिवसभर काय करीत? कशाला भीत? कुणावर रागावत? शिलालेख आणि ताम्रपट याबद्दल फारसे बोलत नाहीत. तिथे दान देणारी राणी भेटते, पाणी भरणारी बाई भेटत नाही.

आज मला तुम्हांला एवढेच सांगायचे आहे, की त्या बाईचा आवाज मराठीत शिल्लक आहे, आणि तो ऐकायला लांब जावे लागत नाही. आपली मोशी इंद्रायणीच्या काठी. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. याच पाण्याच्या काठाने त्या काळच्या बाया बोलल्या.

पण आधी एक गोष्ट ऐका. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापिला. त्यांच्याभोवती स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. धर्माचा अधिकार पुरुषाला तेवढाच बाईला, असे ते मानीत. त्यांच्या शिष्यांतली महदाइसा प्रश्न विचारण्यात कुणाला हार जात नसे. तिने रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली, ती ‘धवळे’ या नावाने प्रसिद्ध आहेत, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतात. पुढे चक्रधरांच्या मागे पंथातला एक विद्वान संस्कृतात ग्रंथ रचू लागला. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले. म्हणाले, असे करू नकोस, त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. आता बघा, मराठीत लिहायचे का, तर म्हाताऱ्या बायांना कळावे म्हणून! आपल्या भाषेच्या आरंभी हे कारण लिहिलेले आहे. गुरुजनांनी वर्गात ते आवर्जून सांगावे.

आता आळंदीला या. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ताई. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकलेली. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. त्यांची समजूत घातली ती मुक्ताईने. तेच ताटीचे अभंग. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली, तेव्हा मुक्ताई ऐन कोवळ्या वयाची होती. थोरल्या भावाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार तिने मागून घेतला नाही. ती सरळ बोलली.

मुक्ताई ज्ञानी घरातली. जनाबाई मात्र मोलकरीण. गंगाखेडची ही पोर पंढरपुरात नामदेवांच्या घरी वाढली आणि जन्मभर तिथेच राबली. तिच्या अभंगांतून त्या काळच्या घरकामाची यादीच हाती येते. दळण, कांडण, सडासारवण, धुणे, पाणी, शेण्या वेचणे. आणि या प्रत्येक कामाला विठ्ठल हजर. तो खुंट्याला हात लावतो, धुणे धुतो, जनीचे केस विंचरतो. भाविक याला चमत्कार म्हणतात, म्हणोत. पण ज्या घरात बाईच्या कामाला कुणी हात लावीत नाही, तिथे देवाने येऊन दळू लागावे, असे जनीला का वाटले असेल? पहाटे एकटीने जाते ओढले आहे, तिला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे जाते घरोघर होते. युरोपात मात्र अनेक गावांत धान्य जमीनदाराच्या किंवा मठाच्या गिरणीतच दळावे लागे आणि त्याचा वाटा द्यावा लागे. इंग्लंडात सेंट ऑल्बन्स इथल्या मठाधिपतीने चौदाव्या शतकात लोकांची घरची जाती जप्त करून त्यांचे दगड मठाच्या फरशीत बसवले होते. 1381 मध्ये बंड झाले, तेव्हा लोकांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले. घरचे जाते म्हणजे नुसता दगड नव्हे, हे तिथल्या लोकांनाही कळत होते.

जनीच्याही खालच्या पायरीवर समाजाने उभी केलेली बाई म्हणजे सोयराबाई. मंगळवेढ्याच्या चोखोबांची ही बायको. आपल्या अभंगांत ती स्वतःला चोखोबाची महारी म्हणवते. देवळाचे दार तिला बंद होते. तिने विटाळाचाच विचार केला आणि विचारले, की विटाळ देहाबरोबरच जन्माला येतो, तर मग विटाळावाचूनचा देह कुणाचा? बाई म्हणून एक विटाळ, जात म्हणून दुसरा. दोन्ही सोसलेल्या बाईचा हा प्रश्न चौदाव्या शतकातला आहे. त्याचे उत्तर अजून काही घरांतून पुरते मिळालेले नाही, हे तुम्ही जाणता.

आता देहूला चला. शिऊरच्या संत बहिणाबाई, काळ 1628 ते 1700. अगदी बालवयात तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झाले. घरच्यांबरोबर फिरत फिरत त्या कोल्हापुरास आल्या. कथाकीर्तनाचा नाद लागला म्हणून नवऱ्याने मारले. जातीने ब्राह्मण असून त्यांनी तुकोबांना गुरू मानले, त्याने घरात आणखीच आग लागली. पुढे नवऱ्याचे मन पालटले आणि दोघे देहूला आले. तिथे मंबाजीने छळ मांडला. हे सगळे आपल्याला कसे ठाऊक? बहिणाबाईंनी स्वतः सांगितले म्हणून. आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत त्यांनी मारही लपवला नाही आणि मनातली घालमेलही लपवली नाही.

इंग्लंडात लिन गावी मार्जरी केंप नावाची बाई होऊन गेली. चौदा बाळंतपणे झाली, दारू गाळण्याचा आणि घोड्याने चालणाऱ्या गिरणीचा धंदा केला, दोन्ही बुडाले. मग देवाचे वेड लागले, ती यात्रा करीत हिंडली, आणि आपले चरित्र तिने दुसऱ्याकडून लिहवून घेतले. ते हस्तलिखित पाचशे वर्षे नजरेआड होते, 1934 मध्ये एका घरात सापडले. मार्जरी आणि बहिणाबाई यांच्यामध्ये दोन शतके आणि सात समुद्र. पण दोघींची गत एकच. नवरा, गाव आणि धर्म सांभाळणारे लोक म्हणाले, गप्प बस. दोघीही गप्प बसल्या नाहीत, आणि त्यांचे बोलणे कुणीतरी जपले म्हणून ते टिकले.

श्रोतेहो, माझ्या भाषणाचा रोख इथेच आहे. बोलणे टिकते ते जपणारा असेल तर. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी, 1880 ते 1951, लिहायला शिकल्या नव्हत्या. घरच्या माणसांनी त्यांची गाणी टिपून ठेवली आणि मुलाने, कवी सोपानदेवांनी, ती 1952 मध्ये जगापुढे आणली. वही नसती तर गाणीही त्यांच्याबरोबर गेली असती. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीकडच्या बायांपासून आरंभ करून महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बापाची माया आहे, सासरचा जाच आहे, जनी आणि विठ्ठलही आहेत. म्हणजे मध्ययुगातला तो धागा परवापरवापर्यंत तुटला नव्हता.

आता मात्र तो तुटतो आहे. दळण केव्हाच पिठाच्या गिरणीत गेले. मोशी 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी इमारती आणि कारखाने उभे राहिले. जात्याला टाकी लावणारा आता आळीत येत नाही. जाते गेले याचे दुःख करू नका. त्या कष्टातून बाई सुटली, हे चांगलेच झाले. पण कष्ट संपले म्हणून तिचे बोलणेही संपावे का?

गुरुजी, बाई, तुम्हांला एक काम सांगतो. प्रत्येक मुलाला एक वही करायला सांगा. घरातल्या नाहीतर शेजारच्या आजीजवळ बसावे आणि तिला आठवेल ती ओवी जशीच्या तशी लिहावी. तिची बोली सुधारू नये. खाली तिचे नाव, माहेरचे गाव आणि ओवी तिने कुणाकडून ऐकली ते लिहावे. आजी म्हणेल, मला काय येतंय बाबा, मी अडाणी. तिला नागदेवाचार्यांची गोष्ट सांगा. म्हणावे, आजी, तुला कळावं म्हणून ही भाषा ग्रंथात आली, आता तू सांग, आम्ही लिहितो.