मोटारीचे तेलपाणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हात भाजून जे शिकले तेवढेच सांगते.

चैत्रात आम्ही मोटारीने पंढरपूरला निघालो. वेळापूरच्या पुढे इंजिन तापून काटा तांबड्यावर गेला. हे म्हणाले, "थांब, निवू दे." पण मला घाई! पदराने धरून मी रेडिएटरचे झाकण फिरवले, तोच उकळते पाणी मनगटावर आले. डाग अजून आहे. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच उसळते. वाफ गेल्याशिवाय आपण कुकर उघडतो का? मग तिथेच माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे!

आता दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी स्वतः पाहते. गाडी सपाट जागी हवी. तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. रेडिएटरला बोअरचे पाणी नको, हंड्याला बसतो तसा क्षार आत बसतो. कूलंटच घालावे. ब्रेकचे तेल उतरले तर नुसते भरून गप्प बसू नये. गळती असेल किंवा पॅड झिजले असतील, मिस्त्रीला दाखवावे. तिथे इंजिनचे तेल तर कधीच घालू नये, रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

इंजिनचे जुने तेल बदलले, की ते गटारात किंवा नीरेत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

आमची गाडी बाहेर उभी आहे. पट्टी बघायची असेल त्यांनी चहा झाल्यावर यावे.