घारापुरीचा दिवा



मुंबई बंदरांतील घारापुरी बेट रायगड जिल्ह्यांत मोडतें. लेणीं पाहून टेकडीवर चढलें म्हणजे पाण्यापलीकडे ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्र दिसतें. तेथें डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालीं भारताची पहिली अणुभट्टी, ‘अप्सरा’, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं कार्यान्वित झाली. समोरच्या घारापुरीस मात्र अखंड वीज लाभली ती २०१८ सालीं, समुद्राच्या तळाशीं तार अंथरल्यावर. तोंपर्यंत सायंकाळीं कांहीं तास जनित्रावर दिवे लागत.

यांत शास्त्रज्ञांस बोल लावणें न्याय्य नव्हे. ट्रॉम्बेच्या भट्ट्या संशोधनासाठीं आहेत, वीज पुरविण्यासाठीं नव्हेत. परंतु शक्ति निर्माण करणें निराळें व ती शेजाऱ्याच्या घरीं पोंचविणें निराळें, हा धडा त्या बेटानें आपणांस दिला आहे.

तो आज आठवण्याचें कारण असें, कीं २०४७ पर्यंत एक लक्ष मेगावॅट अणुवीज निर्माण करण्याचा संकल्प सरकारनें २०२५ च्या अर्थसंकल्पांत सोडला. त्या वेळीं आपली क्षमता नऊ हजार मेगावॅटांच्याही आंत होती. त्याच वेळीं लहान अणुभट्ट्यांसाठीं २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

लहान अणुभट्टी म्हणजे सुमारें ३०० मेगावॅटांपर्यंतची. तत्त्व जुनेंच: युरेनियमचा अणु दुभंगतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते व ती चक्र फिरविते. नवीन तें इतकेंच, कीं तिचे भाग कारखान्यांत तयार करून जागेवर जोडावयाचे. त्यामुळें खर्च व काळ आटोक्यांत राहील, अशी आशा आहे. निवाडा अनुभवानेंच व्हावयाचा.

तारापूरचा अनुभव तर आपल्या पदरीं आहेच. १९६९ पासून तेथें वीज निघते. पुढें तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठवावीं लागलीं. वीज दूरदूर गेली. घर सोडण्याचें दुःख त्या दोन गांवांच्याच वांट्यास आलें. शिवाय जळालेल्या इंधनांतील विषारी अवशेष सहस्रावधि वर्षें सांभाळावे लागतात. हें देणें आपण न जन्मलेल्या पिढ्यांच्या नांवें लिहीत असतों.

म्हणून अणुवीज नको, असें मी म्हणत नाहीं. कोळशाचा धूरही कोणाच्या तरी छातींत जातोच. इतकेंच विनवितों, कीं उद्यां आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर नवी भट्टी येऊं घातली, तर ती किती मेगावॅटांची, हें विचारण्याआधीं तिच्या कुंपणालगतच्या घरांत दिवा कधीं लागणार, हें आपण विचारावें.