‘पोरगी आहेस का?’

(आगाशी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी कार्यकर्ती म्हणून कमी आणि एका मुलाची आई म्हणून जास्त बोलणार आहे. माझा मुलगा अकरावीला विरारला जाऊ लागला आणि चार महिन्यांत त्याच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली. मी दोन थोबाडीत दिल्या, रडले, गळ्याची शपथ घातली. शपथ आठवडाभर टिकली.

मग एकदा शांतपणे विचारलं, पहिल्यांदा का खाल्लीस? तो म्हणाला, “सगळे खात होते. मी नको म्हटलं तर म्हणाले, पोरगी आहेस का?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे वाक्य त्याने मित्रांकडून पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं. लहानपणी तो पडून रडला की आमच्याच घरात म्हणायचे, मुलींसारखा रडतोस काय? मीही म्हटलंय, तेही त्याच्या बहिणीदेखत. मुलगी असणं म्हणजे कमीपणा, हे घरानेच शिकवलं. मित्रांनी ते फक्त वापरलं. सिगारेट, दारू, गांजा, सगळीकडे पहिला टोमणा हाच असतो. आपण स्त्रीमुक्तीच्या सभांना जातो, पण हा धागा मला माझ्या घरात दिसला नव्हता.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. आपल्यातल्या किती जणी मिश्री लावतात? हात वर करू नका, मला माहीत आहे. पहाटे उठून राबायचं, पोटात काही नाही, मिश्रीने भूक मरते, दात दुखायचे थांबल्यासारखे वाटतात. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास पोरांच्या नाकात बसतो आणि ती पुडी आणायला आपण पोरालाच धाडतो. सासूबाईंसाठी मीही धाडलंय. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढ स्त्रियांपैकी सतरा जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. यात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या अगदी थोड्या.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००३च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही, आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी माझ्या मुलाला पुडी मिळालीच. तेव्हा तक्रार करूच, पण टपरी उठली तरी मित्र उरतातच.

म्हणून आम्ही सुट्टीत आठ-दहा मुलामुलींना बसवून नाटुकली केली. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नकार द्यायचा. कॅन्सरची भाषणं देणारी मुलं हरली, मित्रांनी त्यांना हसून उडवलं. “मला नको” एवढंच म्हणून विषय बदलणारी टिकली. आणि सोबत आणखी एक जण नको म्हणणारा असला की आग्रह करणाराच गडबडला. एका मुलीने आग्रह करणाऱ्याची भूमिका इतकी झकास केली की माझा मुलगा म्हणाला, अगदी अस्संच बोलतात! तेव्हापासून ती दोघं बसला एकत्र जातात. त्यावर गावात कुजबुज झाली, ती वेगळी कथा.

ज्यांचं पोर पुढे गेलंय त्यांनी मारझोड, अंगारे-धुपारे यांत वेळ घालवू नये. ऐंशीच्या दशकात गर्द पुण्यातल्या तरुणांपर्यंत पोचली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, असं मानून तिथे उपचार होतात. लाज सोडून अशा ठिकाणी चौकशी करावी.

माझा मुलगा पूर्ण सुटलाय असं मी म्हणणार नाही. परवा त्याने मला विचारलं, “मग आजीची पुडी आणायला मला का पाठवायचीस?” मी म्हटलं, चुकलं. आता आमच्याकडे पुडी ज्याची त्याने आणायची. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीला मुलांना घेऊन या. मुलींनाही.